गादीचं वजन विचारलंस का?

सुहास,

तुझा मेसेज वाचला. ‘बाई, दोन लॅटेक्स गाद्या बघून ठेवल्यात, कुठली घेऊ? ऑफर उद्या संपतेय.’ खाली दोन जाहिरातींचे फोटो आणि हात जोडलेलं चित्र. तेच हात कॅल्क्युलेटरवर चालवले असतेस तर मला हे लिहावं लागलं नसतं.

तू चाकणच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळतोस. एका बेअरिंगसाठी तीन कोटेशनं मागवतोस, मटेरियलचा दाखला मागतोस, माल आला की गेटवर काट्यावर चढवतोस आणि मगच पावतीवर सही करतोस. या शिस्तीचा पगार मिळतो तुला. आणि स्वतःच्या बायकोच्या नि स्वतःच्या पाठीखाली दहा-पंधरा वर्षं राहायची वस्तू घेताना ‘50% सूट’ एवढे शब्द दिसले की तुझी सगळी अक्कल गेटबाहेर उभी! कंपनीचा पैसा जपून वापरायचा आणि घरचा उधळायचा, हे कुठल्या शाळेत शिकलास? माझ्या तर नाही.

दोन्ही फोटो मी मोठे करून वाचले. तू वाचलेले नाहीस, हे उघड आहे.

पहिली गादी आठ इंची, 78 बाय 72, वर ठळक अक्षरात ‘नॅचरल लॅटेक्स’. छापील किंमत 68,000, सूट जाऊन 34,000. वॉरंटी 15 वर्षं, दोन उशा फुकट. दुसरी त्याच मापाची पण सहा इंची, 52,000, वॉरंटी 10 वर्षं, उशी-बिशी काही नाही. तुझा कल पहिलीकडे, आणि कारणंही लिहिली आहेस: दोन इंच जास्त, पाच वर्षं जास्त, अठरा हजार कमी. तिन्ही वजाबाक्या बरोबर आहेत. पण विजातीय पदांची वजाबाकी होत नाही, हे सातवीतच फळ्यावर लिहून दिलं होतं. या दोन गाद्या सजातीय आहेत की नाहीत, हेच तू पाहिलं नाहीस.

पहिल्या जाहिरातीच्या तळाशी, चष्मा लावूनही जेमतेम दिसेल अशा अक्षरात, काय छापलंय? ‘2 इंच लॅटेक्स, 6 इंच रिबॉन्डेड फोम.’ रिबॉन्डेड म्हणजे पीयू फोमच्या कारखान्यात उरलेली कातरणं नि तुकडे गोळा करून, चिकटद्रव्य घालून, दाबून केलेला ठोकळा. कापला तर आत रंगीबेरंगी ठिपके दिसतात. तो वाईटच असतो असं मी म्हणत नाही. टणक असतो, स्वस्त असतो, कडक गादी आवडणारे लोक मुद्दाम घेतात. पण तो लॅटेक्स नाही. आठातला दोन इंच माल ज्या नावाचा, ते नाव सबंध गादीला लावलंय आणि तू ते मुकाट्यानं स्वीकारलंस. लोखंडाच्या पट्टीला वरून पितळेचा मुलामा देऊन कुणी तुला पितळ म्हणून विकायला आला, तर तू त्याला आत तरी घेशील का?

आता वही काढ. खरंच काढ, मी थांबते.

78 गुणिले 72 गुणिले 6 इंच, म्हणजे 33,696 घन इंच. घनमीटरमध्ये साधारण 0.55. चांगल्या लॅटेक्स फोमची घनता घनमीटरला 65 ते 90 किलोच्या दरम्यान असते, 80 धरू. म्हणजे सबंध लॅटेक्सची सहा इंची गादी, खोळ सोडून, 44 किलो भरली पाहिजे. 65 धरलीस तरी 36 किलोच्या खाली जायला नको. हा आकडा पाठ कर. दुकानदारानं ‘प्युअर लॅटेक्स’ म्हणावं आणि त्या मापाची गादी त्याच्या पोऱ्यानं एकट्यानं खांद्यावर टाकून जिना चढावा, असं दिसलं तर नमस्कार करून बाहेर पडायचं.

पहिलीत लॅटेक्स किती? दोन इंच, म्हणजे 0.18 घनमीटर. घनता जाहिरातीत दिलेलीच नाही. उदार होऊन 75 धर. भरले 14 किलो. त्याच पानावर शेवटी त्याच दुकानाची नुसती सहा इंची रिबॉन्डेड गादी त्याच मापात 12,000 ला आहे, तेही तुझ्याच फोटोत आलंय. मग 34,000 मधून 12,000 वजा केले की वरच्या दोन इंचांचे उरतात 22,000. भागिले 14. किलोला 1,570 रुपये. दुसरीचे 52,000 भागिले 44, किलोला 1,180. खोळीचा हिशेब यात काटेकोर नाही, हे मला कळतं, तू सांगू नकोस. पण दिशा कळायला पुरेसा आहे. ज्या गादीला तू स्वस्त म्हणत होतास, तिच्यातलं लॅटेक्स तू एक तृतीयांश चढ्या भावानं घेत होतास, आणि उशा म्हणे फुकट!

बाजारात कोथिंबिरीची जुडी मोठी की छोटी हे दोन्ही हातांत तोलून बघितल्याशिवाय तू पिशवीत टाकत नाहीस, मी बघितलंय तुला. तेवढंच इथं करायचं होतं.

आता तू म्हणशील, वजन भरलं म्हणजे झालं. नाही झालं. रिबॉन्डेडचीही घनता चांगलीच असते, तो जड भरतो. शिवाय लॅटेक्समध्ये चुना-मातीच्या जातीची भर घालून वजन वाढवता येतं. कॅल्शियम कार्बोनेट. खडू, दुसरं काय! पस्तिशीपासून साठीपर्यंत माझ्या बोटांना लागलेला खडू मला फळ्यावर चालतो, गादीत चालत नाही. भर जास्त झालेला फोम लवकर भुसभुशीत होतो, कडेला नखानं खरवडला तर पीठ पडतं. म्हणून वजन ही पहिली चाचणी. नापास ठरवायला ती पुरते, पास करायला पुरत नाही. दुसरी चाचणी म्हणजे खोळीची झिप उघडून आत बघणं. झिप नसेल, खोळ चहूबाजूंनी शिवून टाकलेली असेल, तर आतलं दाखवा म्हणायचं. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे. आतला गाभा एकसंध असावा, वरपासून खालपर्यंत एका रंगाचा, दुधाळ पिवळसर. त्याला भोकं असतात, त्यानं घाबरू नकोस. साच्यातल्या ज्या खिळ्यांमधून उष्णता आत पोचते, त्यांच्या त्या खुणा. पापुद्रे चिकटवलेले दिसले तर प्रत्येक पापुद्र्याची जाडी आणि जात पावतीवर लिहून मागायची.

घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू मेसेजमध्ये ‘हाय डेन्सिटी आहे म्हणजे पाठीला कडक’ असं लिहिलंयस. दहावीला भौतिकशास्त्रात तुला किती गुण होते हे मला आठवतंय, म्हणून जास्त राग येतोय. घनता म्हणजे एका घनमीटरात किती किलो माल. कडकपणा मोजायचा तर ठरावीक आकाराची गोल चकती फोमवर ठेवून, त्याची जाडी पंचवीस टक्के दबायला किती जोर लागतो ते बघतात. त्या आकड्याला आयएलडी म्हणतात. लॅटेक्समध्ये घनता वाढली की कडकपणा बहुधा वाढतो, पण निरनिराळ्या फोमची एकमेकांशी तुलना करताना हा नियम लावायचा नाही. टिकाऊपणासाठी घनता विचार, झोपेसाठी कडकपणा. दुकानदाराला दोन्ही आकडे माहीत नसतील तर त्याला कारखान्याला फोन करायला लाव. माहिती मागितल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

आता ‘100 टक्के नैसर्गिक’ या तुझ्या लाडक्या शिक्क्याकडे येते.

तुझं आजोळ दोडामार्गचं. केरळातून आलेल्या बागायतदारांनी तिथं रबराच्या बागा उभ्या केल्या, त्या तू पाहिलेल्या आहेस. पहाटे सालीला तिरका छेद देतात, पांढरा चीक वाटीत उतरतो. त्या चिकात रबर असतं तीस ते चाळीस टक्के, बाकी मुख्यतः पाणी. तो आपोआप गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, यंत्रात गरगर फिरवून रबराचं प्रमाण साठ टक्क्यांवर आणतात, आणि हे साठ टक्केवालं लॅटेक्स गादीच्या कारखान्यात जातं. तिथं त्यात गंधक, झिंक ऑक्साइड, साबणासारखे फेसकारक पदार्थ घालून ते घुसळतात, साच्यात ओततात, घट्ट करतात आणि वाफेवर व्हल्कनाइज करतात. गंधकाशिवाय रबराला स्थितिस्थापकता टिकत नाही, हे चार्ल्स गुडइयरनं 1839 मध्ये शोधून काढलं. मी ते तुम्हाला एक अख्खा तास शिकवलं होतं, आणि तू त्या तासाला खिडकीबाहेर बघत होतास. तेव्हा गादीचा कुठलाही गाभा शंभर टक्के झाडाचा चीक असूच शकत नाही. त्या शिक्क्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की वापरलेलं लॅटेक्स सगळं झाडाचं आहे, त्यात खनिज तेलापासून बनवलेलं एसबीआर हे कृत्रिम लॅटेक्स मिसळलेलं नाही. अप्रामाणिक अर्थ पुष्कळ आहेत. नुसतं ‘नॅचरल लॅटेक्स’ असं लिहून ऐंशी-वीस मिश्रण विकता येतं. नुसतं ‘लॅटेक्स’ लिहिलं असेल तर त्यात झाडाचा अंश किती, याची हमी कुठेच नाही. मिश्रण म्हणजे फसवणूक नव्हे. मिश्रणाला शुद्धाचा भाव लावणं ही फसवणूक.

आणि भाव कळायला तुला कुणाची गरज नाही. कोट्टायमचं रबर बोर्ड रोज रबराचे आणि साठ टक्के लॅटेक्सचे भाव जाहीर करतं. तू पोलादाचा भाव दररोज बघतोस, हा एकदा बघ. 2024 च्या ऑगस्टमध्ये शीट रबर किलोला 240 रुपयांच्या वर गेलं होतं. एरवी दोनशेच्या अलीकडे-पलीकडे धर. 44 किलोच्या गादीत नुसतं रबरच आठ-नऊ हजारांचं. त्यावर घुसळण, वाफ, वाया गेलेला माल, खोळ, वाहतूक, दुकानाचं भाडं, जीएसटी. म्हणजे कुणी तुला सहा इंची शुद्ध नैसर्गिक किंग साइज चौदा हजारांत देत असेल, तर तो धर्मादाय करत नाहीये. उलट दीड लाख सांगणाऱ्यालाही विचारायचं, की बाबा रे, वरचे एक लाख कशाचे?

दाखल्यांचंही तेच. पहिल्या जाहिरातीवर ‘ओको-टेक्स सर्टिफाइड’ बघून तू मला बाण काढून दाखवलास. ओको-टेक्स स्टँडर्ड 100 हा दाखला सांगतो की त्या मालात अपायकारक द्रव्यं ठरावीक मर्यादेच्या आत आहेत. चांगली गोष्ट आहे. पण तो दाखला कृत्रिम फोमलाही मिळतो, नुसत्या खोळीच्या कापडालाही मिळतो. माल नैसर्गिक आहे असं तो म्हणतच नाही. सेंद्रिय लॅटेक्ससाठी ‘गोल्स’ म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड हा वेगळा दाखला आहे. त्यात 95 टक्क्यांहून जास्त कच्चं लॅटेक्स प्रमाणित सेंद्रिय बागेतलं असावं लागतं. कुठलाही दाखला असो, त्यावर क्रमांक असतो, कंपनीचं नाव असतं, मुदत असते. तो क्रमांक टाकून तपासायला दोन मिनिटं लागतात. चित्र बघून मान डोलवायची असेल तर दाखला कशाला हवा?

डनलॉप चांगलं की टॅलले, असा तुझा एक पोटप्रश्न आहे. थोडक्यात सांगते. डनलॉप पद्धत 1929 ची, बर्मिंगहॅममधली, ई. ए. मर्फी यांच्या प्रयोगांतून आलेली: घुसळा, ओता, भाजा. माल जरा घट्ट, तळाकडे किंचित जड. टॅललेमध्ये साचा बंद करून हवा ओढून फेस पसरवतात, गोठवतात, कार्बन डाय-ऑक्साइड सोडून तो घट्ट करतात आणि मग भाजतात. माल हलका, मऊसर, एकसारखा, आणि महाग. तो बराचसा मिश्रणाचा असतो. आपल्याकडे बनणारं बहुतेक डनलॉप पद्धतीचंच असतं. तुझ्या खिशाला आणि वजनाला डनलॉप बरं. पुढे.

‘ऑर्थोपेडिक’ या शिक्क्यावर मात्र मला थांबायलाच हवं, कारण तुझ्या बायकोची कंबर दुखते म्हणून हा सगळा घाट, असं तू लिहिलंयस. हा शब्द कुठल्या डॉक्टरनं त्या गादीला दिलेला नाही. कारखान्यातल्या छपाईवाल्यानं दिलाय. आपल्याकडे पाठ दुखली की ‘फळीवर झोप’ सांगणारे काका घराघरांत असतात. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या 313 जणांवरचा एक अभ्यास आला होता, जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांचा. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तेव्हा ‘जितकी कडक तितकी चांगली’ हे डोक्यातून काढ. तू नव्वद किलोचा, ती पन्नासची. तुला जी मध्यम वाटेल ती तिला पाटासारखी लागेल. दोघं दुकानात जा, चपला काढा आणि त्या गादीवर झोपा. बसून, तळहातानं दाबून, ‘छान आहे हो’ म्हणून उठायचं नाही. कुशीवर पंधरा मिनिटं झोपा. खांदा आणि कंबर रुतायला जागा मिळते का, पाठीचा कणा सरळ राहतो का, हे दुसऱ्यानं मागून बघा. लोक बघतील, हसतील. बघू देत. आणि तिला रबराच्या हातमोज्यांनी पुरळ येत असेल तर आधी डॉक्टरांना विचार, मग दुकानात पाऊल टाक.

वॉरंटीची पंधरा वर्षं तुला मोठी वाटली. अटी वाचल्यास? पहिली काही वर्षं बदलून मिळेल, पुढे दरवर्षी तुझा वाटा वाढत जाणार. गादीवर कुणी नसताना एका इंचाहून खोल खड्डा दिसला तरच तक्रार मान्य. डाग पडलेला असला तर तक्रार बाद. हे सगळं तुझ्याच फोटोत आहे, उशांच्या चित्राखाली. दहा वर्षं पूर्ण बदलून देणारा एखादा कागद तुझ्या पंधरा वर्षांपेक्षा भारी पडेल. वर्षं मोजू नकोस, अटी मोज.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, कारण त्यालाही ठाऊक नसेल. तुझी आई दिवाळीच्या आधी घरातल्या गाद्या गच्चीवर उन्हात टाकते. कापसाच्या गादीला ते अमृत, लॅटेक्सला विष. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर पिवळं पडतं, तडकतं, चुरा होतो. तिला आधीच समजावून सांग, मायेनं. आणि तुमच्या पलंगाखाली प्लायवूडची बंद पेटी आहे, तिच्यात जुन्या रजया कोंबलेल्या. अशा पेटीवर लॅटेक्स ठेवलंस तर पावसाळ्यात खालून हवा लागणार नाही आणि तळाला बुरशी येईल. प्लायवूडला भोकं पाडून घे किंवा फळ्या टाक, फळ्यांमधलं अंतर तीन इंचांच्या आत. सुताराचे दोन-तीन हजार गादीच्या हिशेबात आताच धर, नंतर ‘बाई, हे नव्हतं सांगितलंत’ म्हणू नकोस.

तू दुसरीच गादी घ्यावीस असं मी म्हणत नाहीये. तिच्याही जाहिरातीत घनता नाही, मिश्रणाचं प्रमाण नाही. 52,000 सांगणारा खरं बोलतोच असं कुठे लिहिलंय? तुझ्याकडे पैसे 35,000 च असतील तर त्यातही मार्ग आहे: चार इंचांचं सबंध लॅटेक्स घे आणि खाली घरातली जुनी कॉयरची गादी धड असेल तर ती ठेव. पण काय घेतोयस हे कळून घे.

उद्या ऑफर संपू दे. पुढच्या शनिवारी तीच ऑफर दुसऱ्या सणाच्या नावानं येईल. टोकन देऊ नकोस. दोन्ही दुकानांना एकच प्रश्नपत्रिका पाठव, जशी पुरवठादारांना पाठवतोस: गाभ्यात किती इंच लॅटेक्स, झाडाचं किती टक्के, घनता किती, सबंध गादीचं वजन किती, खोळ उघडते का, दाखल्याचा क्रमांक, परत घ्यायची मुदत आणि तेव्हा टेंपोचं भाडं कोण देणार. उत्तरं लेखी. तोंडी उत्तरांना मी वर्गातही गुण देत नव्हते.

माल आला की सोसायटीच्या भंगारवाल्याचा काटा मागून आण. टेंपोवाला घाई करेल, सही मागेल. त्याला चहा पाज, गादी काट्यावर ठेव, आकडा पावतीवर लिही, झिप उघडून चारही कोपरे बघ. सही त्यानंतर.